बंदूक फोमची, नोटीस मात्र खरी

जिभाऊ, आधी चहा सांगा, कारण हे ऐकून घसा कोरडा पडणार आहे. चांगल्या घरची, शिकलेली, नोकरीधंद्याला लागलेली माणसं रात्र रात्र जागून बंदुका करताहेत. थांबा, ठाण्यात जायची गरज नाही. या बंदुकीतून गोळी सुटत नाही, धूर निघत नाही, साधी टिकलीसुद्धा उडत नाही. चपलेच्या तळव्याला असतो तसल्या फोमची बंदूक, तिला चंदेरी रंग, आणि त्या रंगावर मुद्दाम फासलेले काळपट डाग. कशासाठी? तर ती कुठल्याशा परग्रहावरच्या लढाईत वापरून जुनी झाली आहे असं दिसावं म्हणून! म्हणजे नवी वस्तू करायची आणि ती जुनी दिसावी म्हणून पुन्हा चार रात्री घालवायच्या. याला छंद म्हणायचं म्हणे.

विसरवाडीत ही साथ अजून शिरलेली नाही, पण गाफील राहू नका. आपलं गाव पडलं धुळे-सुरत महामार्गावर. कोंडाईबारीचा घाट उतरून जे येतं ते इथे चहाला थांबतं आणि नवापूरकडून जे येतं तेही थांबतं. दिल्लीत २०११ साली कॉमिक कॉन नावाची जत्रा भरली, त्याच वर्षी ती मुंबईत पोचली, आणि तेव्हापासून भल्या घरची पोरं तिथे परग्रहवासी होऊन जातात. दारावर रीतसर झडती होते. पोराच्या पाठीवरची तोफ खरी नाही ना, हे बघायला माणूस उभा असतो. आपल्याकडे तर अजून बिकट. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे या रस्त्यावर गाड्या तपासायची रीतच आहे. उद्या कुणी पिकअपमध्ये सहा फुटी अंतराळयान टाकून सुरतेला निघाला, तर त्याच्या पोटात बाटल्या आहेत का हे बघण्यासाठी यान उघडावं लागेल. आणि त्यात काहीच निघालं नाही तर संशय दुप्पट होईल. काहीच नेत नाहीस, तर मग नेतोस काय?

आता या बिघाडाचं मूळ ऐका. १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ नावाची दूरदर्शन मालिका सुरू झाली. तिच्या एका भागात मिठाला चटावलेला एक प्राणी होता. त्यासाठी सामानवाल्यांनी बाजारातून नव्या तऱ्हेच्या मीठदाण्या आणल्या. त्या इतक्या नवलाच्या निघाल्या की या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना कळायचंच नाही, अशी धास्ती पडली. मग मिठासाठी साध्या मीठदाण्या आणल्या, आणि या नखरेल मीठदाण्या गेल्या डॉक्टर मॅकॉय यांच्या पेटीत, शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून! तेविसाव्या शतकातला डॉक्टर रोग्याच्या अंगावरून मीठदाणी फिरवतो आणि रोगी बरा होतो. आपल्याकडे मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढणाऱ्या आजीला मात्र लोक अडाणी म्हणतात.

इंग्रजांचं तर विचारूच नका. त्यांच्या ‘डॉक्टर हू’मध्ये १९६३ साली डालेक नावाचे यंत्रराक्षस आले. अख्खं विश्व ज्यांना चळचळा कापतं, त्यांच्या एका हाताच्या जागी काय आहे? मोरी तुंबली की दाबतात तो रबरी वाटीचा दांडा. १९९९च्या ‘द फँटम मेनेस’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या सिनेमात गुरुवर्य क्वाय-गॉन ज्या यंत्रावर दूरवर बोलतात, ते बायकांच्या जिलेट रेझरच्या मुठीवरून साचा काढून केलेलं. आणि ‘स्टार वॉर्स’मधली ती जगप्रसिद्ध तेजाची तलवार? रॉजर ख्रिश्चन नावाच्या सजावटकाराला लंडनच्या एका फोटोग्राफीच्या दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशच्या मुठी सापडल्या. पूर्वी वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार त्या कॅमेऱ्याला जोडत. त्यावर पट्ट्या चिकटवल्या, खिशातल्या गणकयंत्राचा एक तुकडा बसवला, झाली तलवार. ही तलवार १९७७च्या आधीची, हातात पैसे थोडे असतानाची.

इथवर मला काही गैर वाटत नाही, बरं का. घाईत, टंचाईत, हाताला लागेल त्यावर भागवणं ही कला आपल्याला शिकवायला नको. लाज आणणारी गोष्ट पुढेच आहे. चाहत्यांना परग्रहावरच्या डॉक्टरचं हत्यार हवं असतं, आणि ते हुबेहूब हवं असतं. म्हणजे तीच मीठदाणी हवी, त्याच घाटाची, त्याच सालची. तलवार करायची तर फ्लॅशची मूठ ग्राफ्लेक्सचीच, तीन सेलचीच, आणि झाकणावरची खूणसुद्धा तीच. मूळ कारागिराने दुपारच्या सुट्टीत जे जुळवलं, त्याच्यापायी हे लोक वर्षं घालवतात. मूळ वस्तू फुकटाच्या भावात झाली, नक्कल मात्र हजारोंच्या घरात जाते. खोट्याची खरी नक्कल! डोकं भंजाळतं की नाही?

यात एक भांडण आहे, ते फार चवीचं आहे. जुने कॅमेरे जमवणारी सज्जन मंडळी असतात, वेल्हाळ हातांनी भिंग पुसणारी. त्यांना ग्राफ्लेक्सचा कॅमेरा मिळतो, पण मूठ मिळत नाही. मुठी सगळ्या तलवारवाल्यांनी उचलल्या. भाव कुठच्या कुठे गेले. वर ती मूठ आतून पोखरून त्यात दिवे नि स्पीकर बसवतात, म्हणजे ती पुन्हा कॅमेऱ्याला लागायची नाही. कॅमेरेवाले म्हणतात, तुम्ही इतिहासाची वाट लावलीत. तलवारवाले म्हणतात, इतिहास आम्हीच घडवला, नाहीतर ही मूठ भंगारात किलोवर गेली असती. दोघांचंही खरं आहे आणि दोघंही घरी बोलणी खात असणार.

याहून बेशरमपणा हवा असेल तर आइस्क्रीमवाल्याची गोष्ट घ्या. ‘स्टार वॉर्स’च्याच १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये ढगांतल्या शहरातून माणसं पळताहेत. त्या गर्दीत नारिंगी कपड्यांतला एक इसम काखेत पांढरं काहीतरी मारून धावतो. डोळ्याचं पातं लवतं तेवढाच दिसतो. ते पांढरं म्हणजे घरगुती आइस्क्रीमचं यंत्र होतं! शहरावर शत्रू चालून आला आणि हा पठ्ठ्या दागिने नाही, कागदपत्रं नाहीत, आइस्क्रीमचा पॉट घेऊन पळाला. तेवढ्यावर चाहत्यांनी काय करावं? त्याला पुढे विलरो हूड असं नाव लाभलं. स्टार वॉर्सच्या मेळाव्यात नारिंगी कपडे घालून, काखेत आइस्क्रीमची यंत्रं मारून थोराड बाप्ये झुंडीने धावतात. शेवटी निर्मात्यांनीच हात टेकले. २०१९च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेत तेच यंत्र धन ठेवायची तिजोरी म्हणून दाखवलं. लोकांनी थट्टा इतकी लावून धरली की थट्टेचं शास्त्र झालं.

घरात हे कसं चालतं तेही सांगते. फोमचे तक्ते येतात, दोन मिलिमीटरपासून दहा मिलिमीटर जाडीचे. लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर जोडून घालतात ना, त्याच जातीचे. आधी कागदावर बेतायचं, थेट शिंप्यासारखं. पातं अगदी धारदार लागतं, बोथट पात्याने फोम कुरतडला जातो, म्हणून दर थोड्या वेळाने पातं बदलायचं. मग गरम हवेचं यंत्र फिरवायचं, की फोमची भोकं मिटतात आणि तो वळवाल तसा वळतो. चिकटवायला चपला-फर्निचरवाल्यांचं सोल्युशन. दोन्ही बाजूंना लावून, हाताला लागेनासं होईपर्यंत थांबून, मग दाबायचं. एकदा चिकटलं की चुकलेलं सुटत नाही. त्या वासाने घरातले सगळे गॅलरीत जाऊन बसतात, आणि बसावंच, कारण तो वास छातीला वाईट. वरून फेव्हिकॉलचे हात, मग काळा रंग, मग कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी. या शेवटच्या हातात खरी जादू आहे हे मी कबूल करते. दहा मिनिटांपूर्वीची चप्पल डोळ्यांदेखत लोखंड होते.

ज्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे त्यांचं दुखणं वेगळं. एक शिरस्त्राण छापायला यंत्र दोन-दोन दिवस कुईकुई करत बसतं. तार बहुतेक वेळा पीएलए नावाच्या प्लास्टिकची, आणि हे प्लास्टिक मक्यासारख्या पिकांच्या पिठूळ भागापासून करतात. ऐका जिभाऊ! आपल्या भागात ज्या मक्याच्या भाकरी भाजतात, त्याच मक्यापासून तिकडे परग्रहवाशांची डोकी. बरं, छापून झालं म्हणजे झालं असंही नाही. सगळीकडे बारीक रेघा उमटलेल्या असतात. मग मोटारीला लावतात ती पुट्टी, मग पॉलिश पेपर, खरखरीतपासून मऊपर्यंत, मग प्रायमर, मग पुन्हा पॉलिश पेपर. आणि हे सगळं लाईट गेली नाही तर. तिसाव्या तासाला लाईट गेली की अर्धं शिरस्त्राण हातात येतं. नाकापर्यंतचं. त्यात कोथिंबीर लावतात म्हणे.

वस्तू करून भागलं असतं तरी चाललं असतं, पण यांना खेळही करायचे असतात. त्याच ‘स्टार ट्रेक’मध्ये कॅप्टन कर्क आणि मिस्टर स्पॉक मजल्यामजल्यांचं बुद्धिबळ खेळताना दिसतात. तो पट म्हणजे दुकानातल्या त्रिमितीय चेकर्स आणि फुली-गोळ्याच्या पट्ट्या एकत्र केलेल्या, आणि वर पीटर गॅनिन यांच्या घाटाच्या सोंगट्या. दिसायला झकास, पण नियम? नियमच नव्हते! अंतराळयानातले सगळ्यात हुशार दोन गृहस्थ वर्षानुवर्षं गंभीर चेहऱ्याने, नियम नसलेला डाव खेळत होते. आपल्याकडे ग्रामसभेतही असं चालत नाही. निदान कुणीतरी विचारतं. चाहत्यांना मात्र झोप लागेना. १९७५ साली फ्रांझ जोसेफ यांच्या ‘स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल’मध्ये पटाचा आराखडा आला, तो बघून लोकांनी घरोघरी ॲक्रिलिक कापून पट उभे केले. पुरते नियम अँड्र्यू बार्टमेस नावाच्या चाहत्याने बसवले. चार गुणिले चारचे तीन मजले, आणि वर दोन गुणिले दोनच्या चार हलत्या माच्या. बेरीज करून बघा, घरं चौसष्टच भरतात. तेवढा धर्म त्यांनी पाळला. सावंतवाडीचे चितारी दशावतारी गंजिफाचे एकशे वीस पत्ते हाताने रंगवतात, त्यांना या मंडळींचं दुःख कळेल. पत्ते देखणे होतात, खेळायला माणूस मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबांच्या देशातलं, आपल्या मराठी विज्ञानकथेने असले नाद लावले नाहीत. खरं आहे. आपली विज्ञानकथा सभ्य. तिच्यात प्राध्यापक असतो, दुर्बीण असते, एखादी घडी घातलेली चिठ्ठी असते. त्यांचं सोंग कोण आणि कसं करणार? पण सोंग आपल्याकडेही झालंय, आणि तेही थोरामोठ्यांकडून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. आणि जगताप निघाले कोण? जयंत विष्णू नारळीकर! आपली आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलेलं, आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा बायकोकडून उतरवून घेतलेली. एवढे मोठे खगोलशास्त्रज्ञ, आणि बनावट नाव, बनावट अक्षर! फोम नाही, पुट्टी नाही, खर्च शून्य.

आणि खर्चाचं म्हणाल तर मालेगावचा हात कोण धरणार? घाट चढून, धुळ्यावरून आग्रा रोडला लागलं की आलंच. तिथे नासीर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लरवाल्याने २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला आणि पुढे थेट सुपरमॅनला हात घातला. सुपरमॅन झाला शफीक नावाचा यंत्रमाग कामगार, अंगाने काडी. उडायचं कसं, तर हिरव्या कापडापुढे आडवं होऊन. कॅमेरा सरकवायचा तर सायकल, वर उचलायचा तर बैलगाडी. फैजा अहमद खान यांनी त्या सगळ्या धडपडीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो जगभर फिरला. आणि आता रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत येऊन गेला. म्हणजे सुपरमॅनची नक्कल मालेगावने केली, आणि मालेगावची नक्कल मुंबईने केली, मालेगावपेक्षा कितीतरी जास्त पैशांत. बघा, तोच ग्राफ्लेक्सचा रोग. तो पहिला मीठदाणीवाला सामानवाला आज जिवंत झाला आणि आपला वारस कोण हे शोधायला निघाला, तर मी म्हणते तो हुबेहूब मूठ शोधत बसलेल्याकडे जाणार नाही. मालेगावात बैलगाडीपाशी उतरेल.

गणपती मंडळांचंही तसंच. २०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, देखावे संपले. कसले संपतात! २०२३च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि सप्टेंबरात पुठ्ठ्याची, बांबूची चांद्रयानं गणपतीच्या मांडवांत उतरली. त्यांना कुणी चाहते म्हणालं नाही. वर्गणी मागितली तेवढी.

आता सगळ्यात खमंग. जवळ सरका. या छंदापायी माणसं कोर्टात गेली आहेत! ‘फायरफ्लाय’ नावाच्या एका मालिकेत जेन नावाच्या दांडगटाला त्याची आई हाताने विणलेली कानटोपी पाठवते. केशरी-पिवळी, गबाळी. मालिका एका हंगामात बंद पडली, पण टोपी जगली. बायाबापड्यांनी सुया घेतल्या, विणल्या, विकल्या. कुणी अडवलं नाही, दहा वर्षं. मग टोपीचे हक्क रीतसर एका कंपनीला दिले गेले आणि २०१३ साली विणणाऱ्यांना फॉक्सच्या नोटिसा! आईने विणलेली टोपी, हीच त्या टोपीची सगळी गंमत, आणि ती आईने विणू नये असं वकिलाचं पत्र.

त्याहून वरची पायरी म्हणजे अँड्र्यू एन्सवर्थ. ‘स्टार वॉर्स’मधल्या त्या पांढऱ्या शिपायांची शिरस्त्राणं १९७६ साली लंडनजवळ ट्विकनहॅमला यांनीच प्लास्टिक तापवून, साच्यावर ओढून तयार केली. पुढे तशीच शिरस्त्राणं त्यांनी स्वतः विकायला काढली. लुकासफिल्म खवळली. अमेरिकेच्या कोर्टाने २००६ साली दोन कोटी डॉलर भरपाई ठोठावली. एन्सवर्थ काही तिकडे गेले नाहीत. मग खटला विलायतेत चालला, आणि तिथे प्रश्न कोणता निघाला ऐका. हे शिरस्त्राण शिल्प आहे की सामान? शिल्प असेल तर स्वामित्वहक्क लांबलचक. सिनेमाच्या कामाची वस्तू असेल तर ते संरक्षण नाही. २७ जुलै २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शिल्प बिल्प काही नाही, ही सिनेमाच्या उपयोगाची वस्तू आहे. अमेरिकेतल्या हक्कांची बाब तेवढी लुकासफिल्मच्या बाजूने लागली. पण बाकी? आयुष्यभर ज्याला चाहत्यांनी कलाकार म्हणून डोक्यावर घेतलं, तो माणूस आपलं काम कला नाही हे सिद्ध झालं म्हणून खूश! आपल्याकडे कुणाला कलाकार नाही म्हणून बघा, सात पिढ्या बोलायचा नाही.

हे सगळं मी सांगत होते तर जिभाऊ गप्प. मग म्हणाले, होळीला काठीला गेली होतीस का कधी? अक्कलकुव्याकडची राजवाडी होळी. गेले होते. तिथे बुध्या आणि बावा होणारी माणसं बघितली आहेत. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं, अंगभर राखेची आणि पिठाची नक्षी. तो टोप ज्याचा त्याने किंवा घरच्या कुणीतरी केलेला. हुबेहूब कशासारखा असावा याचं पुस्तक नाही, तरी वावगा केलेला टोप लांबूनही कळतो, आणि कळला की म्हातारे बोलून दाखवतात. सोंग घेण्याआधी पालनी पाळायची. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, पायांत काही घालायचं नाही. कॉमिक कॉनवाल्यांना हे सांगितलं तर निम्मे घरी राहतील.

मी म्हटलं, जिभाऊ, त्या टोपावरून अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही हे आपलं नशीब. उद्या एखाद्या कंपनीने तो उचलला आणि प्रश्न निघाला, की हे शिल्प आहे की सामान, तर?

जिभाऊंनी कप खाली ठेवला. म्हणाले, तर न्यायाधीशाला इकडे यावं लागेल, बघितल्याशिवाय कसं ठरवणार. आणि आला की आधी त्याची खाट काढून घेऊ.